पारड्यातले दगड
सुक्या बोंबलांचा वास आला की तारापूरचा किनारा आठवतो. तिथं वीजप्रकल्पाच्या बांधकामावर भाऊ कामाला होता, आणि चौथीत शाळा सुटलेली मी घाटावरून त्याच्याकडे राहायला आले होते. सोळावं सरत आलं तरी मला न्हाण आलं नव्हतं. "दिवाळीपर्यंत वाट बघते, नाहीतर गावी धाडते. अशी पोरगी कोण करून घेणार?" वहिनी म्हणायची. गावी तर दोन वेळची भाकरीही नव्हती. शेजारची कोळीण म्हणाली, "नुसती काडी हाय तू गो. अंगावर वजन नाय, तर न्हाण कुठनं येल? चल, तोलते." मासळीच्या मोठ्या तराजूत बसताना वजन कमी भरेल या भीतीनं मी ओच्यात दगड लपवले. ते पारड्यात गडगडले तशी ती पोट धरून हसली, "दगडांना न्हाण येतं काय गो?" मग रोज दुपारी वहिनीच्या नकळत तिनं मला कालवण-भात खाऊ घातला. दिवाळीच्या तोंडावर न्हाण आलं, तेव्हा मी आधी तिच्याकडेच पळाले. आता नातीला दहाव्या वर्षीच आलं. वजन फार आहे, खाणं कमी करा, असं डॉक्टर सांगतात. खरंच असेल. दमलेल्या जिवाला वाद नको वाटतो, पण तिला भात वाढताना माझा हात काही आखडत नाही.