शंका फिटेपर्यंत पोथी उघडी

घाटंजीत चार-दोन वर्षं काढली की माणसाला दोन गोष्टी चिकटतात. एक, सरकी काढायच्या जिनातून उडणारा कापूस. आणि दुसरी, राममंदिरातल्या पुराणाचे किस्से. कापूस झटकला की जातो. किस्से मात्र पुढे मी गावोगाव बदली होऊन फिरलो तरी सोबत आलेच! आता कोणी चहाला बसवलं की एक निघतो, त्याच्या मागे दुसरा, आणि चहा गार होतो.

छप्पन साली मी तिथल्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून रुजू झालो. वय लहान, तोंड मोठं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी शास्त्रीबुवा भागवत सांगतात असं कळलं, आणि मी ठरवलं की हे प्रकरण एकदा बघायचंच. बुवा म्हणणार, सगळं विज्ञान आमच्या पोथीत आधीच होतं. मी चार प्रश्न विचारणार आणि ते गप्प होणार. मला तर कधी एकदा बाजार भरतो असं झालं होतं!

पण बुवांचा एक नियम होता, वडिलांपासून चालत आलेला. अध्याय संपला की ते विचारायचे, "कोणाची शंका?" शंका निघाली की तिचं उत्तर दिल्याशिवाय पोथी बासनात बांधायची नाही. आणि उत्तर झालं की नाही हे बुवांनी ठरवायचं नाही, शंका काढणाऱ्यानं ठरवायचं. त्यानं स्वतःच्या तोंडानं "बांधा बुवा" म्हटलं की मग गाठ बसायची. तोवर पोथी चौरंगावर उघडी, वर तुळशीचं पान.

मी पहिल्याच दिवशी हात वर केला. "बुवा, पुराणात विमान आहे म्हणतात, ते खरं का?"

"आहे की!" बुवा म्हणाले. "मनात येईल तिकडे जातं, माणसं वाढली की मोठं होतं. सगळं लिहिलेलं आहे. फक्त पेट्रोल कुठं मिळतं तेवढं लिहिलेलं नाही."

लोक हसले. बुवा मात्र माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, त्यांनी उडायची इच्छा लिहून ठेवली. ते बनवायचं कसं, हे तुमच्या वर्गात शिकवायचं. शिकवता ना?"

मी बसलो तिथूनच म्हणालो, "बांधा बुवा."

*

समोर पहिल्या रांगेत देवराव पाटील असायचे. पन्नाशीचे, कापसाचे मोठे शेतकरी. बाजारातून थेट देवळात यायचे आणि शंका काढल्याशिवाय गाडी जुंपायचे नाहीत.

एकदा परमाणूचा अध्याय निघाला. मावळतीचं ऊन मंदिराच्या जाळीतून आत आलं होतं. बुवांनी बोट दाखवलं. "या उन्हात कण तरंगताना दिसतात ना? त्यांना म्हणतात त्रसरेणू. त्याचे भाग करत जा, करत जा. जिथं पुढे भागच होत नाही, तो परमाणू. आणि सूर्याला तेवढी जागा ओलांडायला जो वेळ लागतो, तो काळाचा परमाणू!"

मी सावरून बसलो. काळाचेही तुकडे करून पाहायचे, हे त्या काळी कोणाच्या डोक्यात आलं असेल?

देवराव डोळे बारीक करून उन्हाकडे बघत होते. मग म्हणाले, "बुवा, एवढ्याशा उन्हात जर एवढे कन असन, तं आमच्या जिनात अख्खं ब्रह्मांडच उडून राह्यलं म्हना! आन् आमी नाकाले फडकं बांधून राह्यलो!"

हशा ओसरला तेव्हा बायकांच्या बाजूनं, खांबाजवळून, एक बारीक आवाज आला. "बाबा, पुढे भाग होत नाही हे त्यांनी करून पाहिलं, की मनानं ठरवलं?"

ही बुवांची मुलगी कुमुद. आईवेगळी, तेव्हा परकरातली. बुवांची नजर अधू होती म्हणून रोज सकाळी तीच त्यांना पुढचा अध्याय वाचून दाखवायची. त्यामुळे संस्कृत तिचं पाठ आणि शंका तयार!

"मनानं ठरवलं," बुवा म्हणाले.

"मग करून कोण पाहणार?"

बुवा तिच्याकडे वळले. "तू पाहा. मोठी हो आणि पाहा."

"बांधा बाबा!" कुमुद म्हणाली. तो शब्द ती विसरली नाही. बुवा विसरले, असं पुढे काही दिवस मला वाटत होतं.

*

सात समुद्रांचं वर्णन चाललं होतं. एक खाऱ्या पाण्याचा, एक उसाच्या रसाचा, मग दारूचा, तुपाचा, दुधाचा, दह्याचा, गोड पाण्याचा. नवीनच बदलून आलेले जमादार मागे भिंतीला टेकून ऐकत होते. दारूबंदीचे दिवस. त्यांचा अर्धा जन्म हातभट्ट्या शोधण्यात जात होता.

"कोणाची शंका?" बुवांनी विचारलं.

जमादार उठून उभे राहिले, टोपी नीट केली. "महाराज, त्या दारूच्या समुद्रावर ड्यूटी कोनाची लागते?"

बुवा म्हणाले, "अजून कोणाची लागलेली नाही. म्हणून तो भरलेला आहे."

जमादारांनी समाधानानं मान डोलावली. "बांधा!"

*

सत्तावन साली रशियानं आकाशात उपग्रह सोडला. साऱ्या गावाच्या माना वर! आणि नेमकं त्याच सुमाराला पुराणात ध्रुवाचं प्रकरण आलं. ध्रुव मधोमध स्थिर, आणि सगळे ग्रह-तारे वाऱ्याच्या दोऱ्यांनी त्याला बांधलेले, खळ्यातल्या मेढीभोवती बैल फिरतात तसे फिरतात.

देवरावांनी विचारलं, "मंग हा रशियाचा कोन्या दोरीनं बांधला? तुटून आमच्या पऱ्हाटीवर, उभ्या कपाशीवर पडन तं?"

बुवांनी उत्तर शोधलं. मिळालं नाही. त्या दिवशी पोथी पहिल्यांदा उघडी राहिली. आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना पाहतो तर बुवा माझ्या वर्गाच्या दारात उभे! साठीला आलेला माणूस, मला म्हणाला, "मास्तर, शिकवा."

मी फळ्यावर पृथ्वी काढली. दगड जोरात फेकला की लांब पडतो, आणखी जोरात फेकला की आणखी लांब. इतका जोरात फेकला की तो पडतच राहतो, पण खालची जमीनही वाकत जाते, म्हणून टेकत नाही. बुवा बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी मला चांगलं पिळून काढलं. त्यांच्या शंकांनी माझाच घसा कोरडा पडला.

पुढच्या बाजाराला त्यांनी ते सगळं गोफणीच्या दगडावर सांगितलं. देवराव खूश. "म्हंजे दोरी हाय, पन दिसत नाही! पुरानात बरोबरच लिवलं होतं!"

मी उसळून उठणार, तेवढ्यात बुवाच म्हणाले, "नाही पाटील. पुराणात वारा लिहिला होता. वारा नाही निघाला. पण काहीतरी बांधून ठेवतं, एवढं त्यांना जाणवलं. तेवढंच श्रेय द्या, जास्त नको."

त्या दिवसापासून मी त्या माणसाला सोडलं नाही.

*

बासष्टच्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली. आठ ग्रह एका राशीत, आता जग बुडणार! जिकडेतिकडे होम सुरू झाले. शेजारच्या बंजारा तांड्याचे हरसिंग नाईक मुद्दाम गाडी घेऊन विचारायला आले. "महाराज, आठ झनं एका घरात घुसले, तं भांडन होनारच ना?"

उत्तर कुमुदनं दिलं. ती आता माझ्याच शाळेत मॅट्रिकला होती. तिनं नाईकांना मंदिराच्या ओट्यावर एका ठिकाणी उभं केलं. "काका, इथून दीपमाळ, तो कडुनिंब आणि पलीकडचा डोंगर एका रेषेत दिसतात ना? मग ते एका घरात आहेत का?"

नाईक एकदा डोंगराकडे, एकदा झाडाकडे बघत राहिले. मग हसत सुटले. "आमचा आजा लदेनीचे, माल लादलेले बैल घेऊन फिरे. याडी, म्हंजे आमची माय, सांगे, लांबून पाह्यलं तं सारे बैल एकावर एक चढल्यावानी दिसत. आन् जवळ गेलं तं रांग खतमच होत नव्हती! बांध बाई, बांध!"

जग बुडालं नाही. पण देवराव आठवडाभर तोंड पाडून फिरत होते. विचारलं तर म्हणाले, "बुडनार म्हनून मी शेवटची येचनी सोडून देल्ली होती. आता येचा लागते ना!"

*

आणि आता कुमुदची शंका.

कुमुद मॅट्रिक झाली, चांगल्या गुणांनी झाली. तिला नागपूरला कॉलेजात जाऊन विज्ञान शिकायचं होतं. तिकडे अमरावतीला एका स्थळाशी बोलणं चाललं होतं आणि त्यांचा निरोप येत नव्हता. बुवा म्हणायचे, "त्यांचं उत्तर येऊ दे, मग बघू." असं बघता बघता पहिलं वर्ष वाया गेलं. दुसऱ्या वर्षीचे प्रवेश सुरू झाले तरी बुवांचं तेच, "बघू." मी दोनदा विषय काढला, तर दोनदा त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. मला राग यायचा. आणि घरात ती नसेल तर या माणसाला सकाळी पोथी कोण वाचून दाखवणार, हे आठवलं की राग धरवतही नसे.

प्रवेशाचा शेवटचा आठवडा. बाजाराचा दिवस. नेमकी निघाली ककुद्मी राजाची गोष्ट. राजा आपल्या मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, हिच्यासाठी कोणता वर योग्य ते विचारायला. तिथं गाणं चाललं होतं. राजा म्हणाला, संपू दे, मग विचारू. गाणं संपलं, राजानं विचारलं, तर ब्रह्मदेव हसले. अरे, तू इथं थांबलास तेवढ्यात पृथ्वीवर युगांमागून युगं गेली. तू मनात धरलेले ते वर नाहीत, त्यांची नातवंडं-पतवंडंही नाहीत!

बुवा रंगून सांगत होते. काळ सगळीकडे सारखा चालत नाही, हे त्या लोकांना सुचलं कसं, म्हणून मीही थक्क होऊन ऐकत होतो. देवरावांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"कोणाची शंका?"

खांबाजवळून आवाज आला. आता तो बारीक नव्हता.

"बाबा, गाणं संपेपर्यंत थांबायचं, हे राजानं ठरवलं. रेवतीला कोणी विचारलं होतं का?"

बुवांच्या हातात बासनाची दोरी होती. ती हातातच राहिली. मग त्यांनी दोरी खाली ठेवली, तुळशीचं एक पान उचलून उघड्या पोथीवर ठेवलं, आणि चपला शोधत पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कुलूप. मंदिरात पोथी तशीच उघडी, तुळशीचं पान सुकून चाललेलं. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "पहाटे दोघंबी मोटारीनं गेले जी. कुठीसा गेले ते नाही सांगतलं." अमरावतीचा निरोप आला की काय, या विचारानं माझं वर्गात लक्ष लागेना.

पुढच्या बाजाराला बुवा आले. एकटेच. नेहमीसारखे चौरंगासमोर बसले, सुकलेलं पान उचलून कपाळाला लावलं आणि पोथीची पानं जुळवू लागले. खांबाजवळची जागा रिकामी होती.

देवरावांना राहवलं नाही. "बुवा, थांबा! पोरीच्या शंकेचं उत्तर कुठी देल्लं तुमी? शंका काढनाऱ्यानं बांधा म्हना लागते. कुमुद म्हनली काय?"

बुवांनी बासनाची गाठ मारली. घट्ट मारली.

"म्हणाली," ते म्हणाले. "नागपूरला. कॉलेजच्या फाटकातून मागे वळून म्हणाली."