पांढरीवरचं सारवण

रुख्मिणीसारखा सारवणाचा हात नाचणगावात दुसऱ्या कोणाचा नव्हता, हे तिच्याशी अबोला धरलेल्या बायकाही कबूल करत. लग्न असो की बारसं, अंगण सारवायला बोलावणं तिलाच. आणि बाई अशी तऱ्हेवाईक, की दुसरीनं सारवलेल्या जमिनीवर पुन्हा हात फिरवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या पांढरीवरून नवा रस्ता काढायचं ठरलं. पांढरी म्हणजे फार पूर्वी गाव वसलेलं टेकाड. रस्त्याआधी जमिनीखाली काय आहे ते पाहायला नागपूरहून एक सर आले, आणि मातीच्या टोपल्या उचलायला रुख्मिणी लागली. तिला भारी नवल वाटे. एवढी शिकलीसवरलेली माणसं, आणि चिमूटभर माती काढायला अर्धा दिवस घालवतात!

एके दिवशी कंबरभर खोलीवर पिवळट, टणक थर लागला. सर वाकून पाहत होते. रुख्मिणीनं टोपली खाली ठेवली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, हे सारवण आहे. एकावर एक, कितीक वर्षाचं. मले ओळखू येते."

खरंच, कडेला बोटांच्या अर्धगोल रेघा होत्या. सर म्हणाले, दोन हजार वर्षं तरी झाली असतील. रुख्मिणीनं त्या रेघांवर आपली बोटं ठेवली, तर बरोबर बसली. त्या दिवशी आनंदानं तिला भाकर गेली नाही.

परवा मोठे साहेब येतील, ही जमीन डोळ्यांनी पाहतील आणि पटलं तर रस्ता बाजूनं वळवतील, असं सरांनी सगळ्यांना सांगितलं. फोटोवालाही त्यांच्यासोबतच यायचा होता. रस्ता वळू दे म्हणून रुख्मिणीनं नारळ कबूल केला. त्या रेघा ओढणाऱ्या, न पाहिलेल्या बाईच्या घरात तिचा जीवच अडकला होता.

आणि तिनं काय करावं? साहेब यायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी शेणाची बादली घेऊन बया खड्ड्यात उतरली. दारी पाहुणे येणार अन् घर बिनसारवलेलं, हे तिला बघवेना. उभ्या जन्मात सारवलं नव्हतं इतकं सुरेख तिनं सारवलं.

साहेब आले, त्यांना दिसलं हिरवंगार ताजं शेण. सरांनी ते हलक्या हातानं खरवडून पाहिलं, तर ओल्या शेणाबरोबर जुना थरही सुटून आला, रेघांसकट. जे दिसलं नाही ते मी कसं लिहू, असं म्हणून साहेब गाडीत बसले. उन्हाळ्यात रस्ता सरळ पांढरीवरून गेला.

सर तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं ती पुढं कितीदा म्हणाली.

आता देवळीची एसटी त्याच रस्त्यानं जाते. दोन हजार आठची दिवाळी, रुख्मिणी नातीला, आचलला घेऊन बाजाराला निघाली होती. पांढरीची जागा आली तशी तिनं चपलांतून पाय काढून वर घेतले. आचलनं विचारलं, "आजी, चपला काऊन काढल्या?"

"एका बाईचं घर आहे इथं," रुख्मिणी म्हणाली. "मीच मोडलं, माय. सारवाले गेलती."

पांढरीपलीकडचा नाल्यावरचा पूल ओलांडेपर्यंत तिनं पाय खाली टेकवले नाहीत.