मदतनीस बाहेर बसते

अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले, त्या पहिल्याच दिवशी मी शिजवलेली खिचडी सेविकाताईंनी उचलली आणि गाईपुढं ओतली. अख्खा गंज, पातेलंभर. लेकरं ताटल्या घेऊन बसलेली. मी हातात पळी धरून उभी.

ताई म्हणाल्या, "लेकरायच्या माया बोंबलतीन. उद्यापासून मी शिजवीन. तू लेकरं आनत जाय, झाडत जाय, शी धूत जाय. गंजाले हात नोको लावू."

मी बौद्ध मोहल्ल्यातली. ताई धानाच्या बांध्या, शेतं असलेल्या घरच्या. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या तिरोड्याकडच्या गावात ते विचारावं लागत नाही.

सेविकेनं शिकवायचं, वजनं घ्यायची. मदतनिसानं लेकरं आणायची, साफसफाई करायची, शिजवायचं, वाढायचं. काम असं वाटून दिलेलं. त्यातलं माझं हिसकावलं आणि वर उपकार. "तुयं कामच कमी केलं ना मी," म्हणायच्या.

त्या शिजवायच्या तेव्हा मी दाराबाहेर ओट्यावर बसायची. एकदा तशातच पर्यवेक्षिका आल्या. ताईंच्या हातात पळी बघून म्हणाल्या, "तुम्ही मदतनिसाचंही काम करता, वा." मग माझ्याकडं वळून हिंदीत, "और तू मुफ्त की रोटी तोड रही है?"

ताई पळी फिरवत राहिल्या. मी उठून झाडायला लागले. नोकरी जाईल म्हणून. लाज मात्र मलाच वाटली, आणि त्या लाजेचा मला आजही राग येतो.

मग एक दिवस लेकरं अंगणात अंगणवाडी-अंगणवाडी खेळत होती. एक पोरगी सेविका होऊन मातीची खिचडी वाढत होती. माझी चार वर्षांची पोरगी सगळ्यांपासून लांब, एकटी, मांडी घालून बसलेली. हुबेहूब मी.

"काऊन एकटी बसली व?"

"माय, मी मदतनीस झाली. मदतनीस बाहेरच बसते ना."

खुशीत होती ती. रडत असती तर मी तिला उचलून घेतलं असतं. ती हसत होती.

मी आत गेले. डाळ-तांदूळ धुतले. गॅस पेटवला.

ताई म्हणाल्या, "कोनी खानार नाही."

"नाही खाल्लं तं नाही खावं. मदतनीस मी आहो. शिजवीन मीच."

अर्ध्या लेकरांना त्यांच्या आया हाताला धरून घेऊन गेल्या. एकीनं तर पोराच्या हातातली ताटली हिसकावून फेकली. उरलेल्यांना मी वाढलं. माझ्या पोरीला पहिल्या रांगेत, दाराच्या आत बसवलं.

ताईंनी वर तक्रार केली आहे. मोहल्ल्यातलेही म्हणतात, कायले वाकड्यात शिरतेस, नोकरी जाईल. जाईलही. पण तोवर रोज मीच शिजवणार. मला बाहेर काढायचं तर लोकांना हाताला धरून काढावं लागेल, माझ्या पोरीच्या डोळ्यांदेखत. आपणहून मी आता बाहेर बसणार नाही.