ताणलेलं पठार

मी शिकलो ते आमच्या भूगोलाच्या कुंभोजकर सरांमुळे. घरातला पहिला पदवीधर झालो. आता मी परदेशी जाऊन डॉक्टरेट करावी, ही त्यांची इच्छा होती आणि तिथल्या विद्यापीठाला होकार कळवायला आठवडाच उरला होता.

लडाखच्या पठारावर कामासाठी खडकांचा नकाशा करताना मला जमिनीतला भ्रंश सापडला. दोन्हीकडून ताण बसून जमीन फाटली होती, मधला पट्टा खचला होता आणि त्यात तळं साचलं होतं. फटीवर ओळीनं झरे होते आणि मेंढपाळांचे तंबूही त्याच ओळीत.

"ही रेघ आमच्या बकऱ्यांनी शोधली," एक आजोबा म्हणाले. "साहेब, तुम्हाला त्यासाठी केवढं शिकावं लागलं!"

मी हसलो आणि तिथंच बसलो. दोन्हीकडून रेटल्यावर डोंगर वर येतो, हे सरांनी ओला टॉवेल ढकलून दाखवलं होतं. पण फार उंच गेलेली जमीन स्वतःच्याच भारानं पसरते, खचते. इथं ती खचली होती, म्हणूनच पाणी आणि माणसं होती.

संध्याकाळी सरांना पत्र लिहिलं: "सर, यंदा मी जात नाही. फार थकलोय. काही दिवस घरी राहीन म्हणतो. रागवा, पण उत्तर पाठवा."