खजुरीचा सहावा कप

जुन्या कपबशांचा नाद लागलेल्या माझ्या बायांनो आणि बाप्यांनो, या वेळी मी पाच कप बघायला गेले आणि सहावा मागायला.

नवं कोणी वाचत असंल तर सांगते. मी औरादजवळच्या चिंताकीची. नवरा गेल्यावर गावातल्या बायांनी मला विहारात शांत बसायला सांगितलं. बसले, पण शांत बसायचं काय जमलं न्हाई. मग जुने चहाचे सेट गोळा करायला लागले. कपबशी उलटं बोलत न्हाई, नवऱ्यापेक्षा तेवढा गुण जास्त.

माझी भाची कडगंचीला नोकरीला हाय. तिचा फोन आला, की खजुरीतलं एक जुनं घर बंद व्हायलंय. रिटायर झालेले साहेब म्हाताऱ्या आईला कलबुर्गीला न्यायलेत, सामान विकायलेत. त्यात निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेला चहाचा सेट हाय.

तो सेट मला कुणी दाखवायची गरज नव्हती. त्या घरी माझा बाप सालगडी होता. सहा कपांतल्या एकाची बशी फुटली, तवा बिनबशीचा तो कप माझ्या बापाच्या वाट्याला आला. कप राहायचा गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत. बाप तो काढून अंगणातल्या शहाबादी फरशीवर ठेवायचा, घरची बाई वरून चहा ओतायची, आणि ती मागं सरली की बाप कप फरशीवरून आपल्याकडं सरकवून घ्यायचा. मी बाजूला बसून बघायची.

मला तो कप पाहिजे होता. बाकीचे पाच मिळाले न्हाईत तरी चाललं असतं.

भाची म्हणली, "मावशी, तेवढं सोडून काय बी माग. ते न्हाई म्हणतील, तुझं तोंड सुटंल, आणि मला इथंच राहायचंय."

सकाळी औरादहून बीदरची बस धरली. कर्नाटकातल्या बायांना बस फुकट हाय, आधार कार्ड तेवढं दाखवायचं. उदगीर-लातूरकडून येणाऱ्यांनी तिकिटाचे पैसे ठेवा. कंडक्टर एकदा फोटोकडं बघायला, एकदा माझ्याकडं. मी म्हणले, "अण्णा, ती माझी थोरली बहीण हाय." हसला बिचारा.

बीदरच्या जुन्या बाजारात हाताला सराव म्हणून थांबले. नव्या लोकांनी ध्यानात ठेवा, कप घेताना नक्षी शेवटी बघायची. आधी नखानं टिचकी मारायची. नीट कप घुमतो, चिरलेला बद्द वाजतो. मग तळाच्या कडेवर अंगठा फिरवायचा. कपाटात बसून राहिलेल्या कपाची कड गुळगुळीत, दगडावर घासलेल्याची खरखरीत. डोळा फसतो, अंगठा फसत न्हाई. दुकानदार चाचांच्या किटलीची तोटी चिकटवलेली निघाली. मी काय बोलले न्हाई, नुसता अंगठा तिथं ठेवून त्यांच्याकडं बघत राहिले. चाचा म्हणले, "अम्मा, तुम नक्को लेओ, बस दुकान से जाओ." चहा मात्र पाजला.

हुमनाबादवरून कलबुर्गी, तिथून कडगंची. रस्ता चांगला हाय, हुमनाबादपर्यंत तेवढे धक्के बसतेत. भाचीच्या घरी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. एरवी मी दोन भाकरी हाणते, त्या दिवशी एक बी गेली न्हाई.

दुसऱ्या दिवशी आळंदला उतरून खजुरीला रिक्षा केली. दोन्ही बाजूला तुरीची काढणी चाललेली. भाचीनं सगळ्या वाटेत माझा हात धरला होता, जसं काय मीच पळून जाणार.

साहेब भले माणूस. "या ताई" म्हणून खुर्ची दिली. लहानपणी गाव सोडलेली मी, त्यांनी काय ओळखलं न्हाई. सेट टेबलावर मांडलेला. फिकट हिरवा, कडेला सोन्याची रेघ, उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसतेत इतका पातळ. किटली, दूधदाणी, पाच कप, पाच बशा.

"सहाचा असंल ना, अण्णा?" मी विचारलं.

"फुटला एक. लई वर्षं झाली."

टिचक्या मारल्या, अंगठा फिरवला. पाचही गुळगुळीत. भाव फोनवर ठरलाच होता, पैसे देऊन उठायचं तेवढं बाकी होतं. भाची माझ्या पायावर पाय द्यायली. सहावा कप मागितला, की मी कुणाची ते सांगावं लागणार, आणि मग "ताई" राहते का जाते ते बघावं लागणार.

"फुटला न्हाई, अण्णा," मी म्हणले. "गोठ्याच्या देवळीत असंल."

साहेबांची बायको, घरच्या सूनबाई, दारात होत्या, तिथंच थांबल्या. कोपऱ्यात बाजेवर साहेबांची आई बसलेली, आक्का, वरून चहा ओतायची तीच. डोळ्यानं दिसत न्हाई आता. तिनं मान वळवली.

"कुणाची गं तू?"

"किसनची."

"किसन्याची व्हय?" मग जरा थांबून सुनेला म्हणली, "जा, घेऊन ये."

कप आला. आत कोळ्याचं जाळं, पण टवका उडालेला न्हाई. साहेब जमिनीकडं बघायले. तवा माझ्या अंगात जुनी खोड आली. म्हणले, "सूनबाई, सेट जायच्या आधी एकदा सहाही कपांत चहा होऊ द्या. कप मी धुते." मोरीवर सहाही घासले आणि पुसताना सगळे मिसळून टाकले. डोळ्यानं बघणाऱ्याला कोणता कुठला ते कळणं शक्य नव्हतं.

रिक्षावाल्या मामालाही आत बोलावलं. चहा ओतून झाला, पण ट्रेला हात कुणी लावंना. साहेबांनी एका कपाकडं हात नेला, मागं घेतला, वाकून तळ बघायले.

"अण्णा, खालून बघितल्यानं साखर वाढत न्हाई," म्हणले. कुणी हसलं न्हाई.

"इकडं आणा," आक्का म्हणली. ट्रे बाजेवर ठेवून घेतला. एकेक कप उचलायची, तळाखाली अंगठा फिरवायची आणि द्यायची. साहेबांना. सुनेला. भाचीला. मामाला. पाचवा उचलला, अंगठा फिरवला, परत ठेवला. सहावा घेतला, तो स्वतःजवळ ठेवला. मग तो परत ठेवलेला उचलला आणि हात माझ्याकडं केला.

मी घेतला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तळाची कड खरखरीत होती.

सगळ्यांनी चहा प्याला. साहेबांनी सगळ्यात आधी संपवला.

चिंताकीला येऊन आता आठ-दहा दिवस झाले. सहाही कप कपाटात एका ओळीत हायेत. वाटेत जुन्या साड्यांत गुंडाळून आणले, तुम्ही बी तसंच करा, कागदावर विसंबू नका. सेट झकास मिळाला. पण भांडी घासताना, भाकरी थापताना माझं डोकं तिथंच जायलंय. आक्कानं आपल्या माणसांना धुतल्या तांदळासारखे कप दिले आणि बापाचा तो परत माझ्याच वाट्याला घातला? मग भाचीला कामून गुळगुळीत दिला? का बापाची वस्तू लेकीच्या हातात द्यायची म्हणून धुंडून काढला? खाली ठेवला न्हाई, हातात दिला, हे बी खरं. पण दिला तोच, हे बी खरं.

भाची म्हणती, चांगलंच घे ना मावशी. मला चांगलं घ्यायची सवय न्हाई, पारखून घ्यायची हाय.

काल शेवटी फोन लावला. सूनबाईंनी आक्काच्या कानाला लावून दिला. मी तोंड उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "तो कप नीट पोचला का गं? फुटला न्हाई ना?"

मी म्हणले, "आक्का, सहाच्या सहा पोचले."

फोन तिनं ठेवला न्हाई. मी बी ठेवला न्हाई.