मामलेदारांना दाखवलेली पेशी

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची, क्षणभर तशीच धरायची आणि मग सावकाश हात दोन दिशांना न्यायचे. आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर एका पेशीच्या दोन कशा होतात ते असं सांगत. रस्त्यात भेटले तरी सांगत. समोरच्याला तो नमस्कार वाटे. तो उलट नमस्कार करून पुढे जाई.

मी रेवदंड्याच्या त्याच शाळेत इतिहास शिकवायचो. कोणीच न पाहिलेलं ठासून सांगायचं, हा माझा धंदा. मास्तरांचं पालुपद वेगळं होतं. "दिसलं तेवढंच सांगा."

आम्ही एकाच खानावळीत जेवत असू. तिथल्या माळेतून मास्तर पांढरे कांदे काढून नेत आणि बूड पाण्याला टेकेल असे पेल्यांवर बसवून ठेवत. थोड्या दिवसांत कांद्याला मुळांची दाढी फुटे. ती ते वस्तऱ्याने कापत. स्वतःची मात्र आठवडा आठवडा राहून जाई. खानावळीच्या काकू म्हणत, "मास्तर, कांद्याची हजामत उरकली असेल तर आता आरशात बघा."

मुळांची टोकं औषधात बुडवायची, रंगवायची, काचेवर दाबून चपटी करायची. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. विटांसारख्या रचलेल्या पेशी. एकीत धाग्यांचा गुंता, दुसरीत तेच धागे मधोमध रांगेत, तिसरीत त्यांचे दोन सारखे वाटे होऊन टोकांकडे निघालेले, चौथीत मध्ये नवी भिंत. हलत मात्र काहीच नव्हतं. औषधात पडली तेव्हा जी जिथे होती ती तिथेच थांबली, ते म्हणाले; क्रम आपण लावायचा. लग्नाच्या फोटोत आजोबा, बाप आणि नातू शेजारी बसलेले असतात, त्यावरून माणूस कसा म्हातारा होतो ते कळतं, तसं.

सूक्ष्मदर्शक शाळेच्या अध्यक्षांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिला होता. सरकारने त्यांना रावसाहेब केलं होतं आणि ते त्यांनी मनावर घेतलं होतं. यंत्र काचेच्या कपाटात शोभेल, असं त्यांचं मत. मास्तरांनी विनवण्या करून ते वर्गात आणलं. शाळेच्या वार्षिक समारंभात मामलेदारांपुढे शाळेची शोभा वाढली तरच ते वर्गात राहील, अशी अट पडली. निमंत्रणपत्रिकेत रावसाहेबांनी परस्पर छापून टाकलं, की सजीव पेशी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत दुभंगेल.

मामलेदारांनी डोळा लावला आणि "सुंदर" म्हणाले. त्यांना बहुधा स्वतःची पापणी दिसली असावी. मग रावसाहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"मास्तर, फुटणार कधी?"

हेडमास्तर मागून 'फुटेल म्हणा' अशी मान डोलवू लागले. मीही मास्तरांच्या कानाशी लागून म्हटलं, वेळ लागतो म्हणा, तोवर चहा येईल. मास्तरांनी यंत्रावर हात ठेवला. ते तिथेच राहावं म्हणून ठेवला, असं मला वाटलं.

"नाही फुटणार. मेलेली आहे ती."

"म्हणजे मामलेदारसाहेबांना मढं दाखवलंत?"

"जिवंतपणी हे धागे असे दिसत नाहीत, रावसाहेब. रंग चढवायला आधी मारावं लागतं."

मामलेदारांनी पगडी सरळ केली. चहा आला.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक कपाटात गेला आणि त्याला कुलूप लागलं. बाहेर चांदीची पाटी बसली. मास्तरांनी वर्षभर बोटांवर शिकवलं आणि शाळा सोडली.

पोचवायला मी रेवसच्या धक्क्यापर्यंत गेलो. काकूंनी कांद्याची एक माळ दिली होती, आणि निरोप, "हे खा म्हणावं." मुंबईची लाँच सुटली. कठड्याशी उभं राहून त्यांनी बोटं अडकवली आणि हात सावकाश दोन्हीकडे नेले. धक्क्यावरच्या दोघातिघांनी नमस्कार केला. मी केला नाही. हात पुरते लांब होईपर्यंत बघत राहिलो.

पुढे ते मला दिसले नाहीत. म्हणून पुढचं सांगत नाही.