भाऊंचं नवं इंजिन आणि तारोडीचा चढ

सर्व्हिसिंगला आलेली गाडी दोन तासांत निघून जाते. तिच्यावर किस्से होत नाहीत. भाऊंची गाडी मात्र भाईंदर पूर्वेला रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये तीन महिने बॉनेट उघडून उभी होती. आमचं रविवारचं टोळकं चहाला तिथेच जमतं. तिचं इंजिन बाहेर काढलं आणि त्या रिकाम्या जागेत आम्ही दर रविवारी एकेक किस्सा टाकत गेलो! मी पोस्टात आहे, माझ्याकडे स्वतःची गाडी नाही. त्यामुळे दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल मत द्यायला मला भरपूर वेळ असतो.

आधी हे सगळं सुरू का झालं ते सांगतो.

भाऊंची गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. गोल दिवे, क्रीम कलर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी. सपाट रस्त्यावर ती अजून झोकात चालायची. पण वहिनींचं माहेर तारोडीला, आणि वाटेत एक चढ आहे. दर नारळी पौर्णिमेला वहिनी पैठणी नेसून, मांडीवर नारळ घेऊन माहेरी निघायच्या आणि बरोब्बर त्या चढावर गाडी बंद पडायची. मग वहिनींचे थोरले भाऊ दामूदादा आणि भाचेमंडळी येऊन ती ढकलत वर न्यायची.

हे इतकी वर्षं चाललं की पुढे पुढे माहेरचे लोक घरी वाट बघत बसेनातच. दोरी घेऊन थेट चढावरच उभे राहू लागले. भावजय ओवाळायचं ताटही तिथेच घेऊन यायची!

गेल्या वर्षी घरी परतल्यावर वहिनींनी पैठणीची घडी घालता घालता निकाल दिला. "सासरची गाडी माहेरच्यांनी ढकलायची! लाज वाटते मला. पुढच्या पौर्णिमेला ही गाडी स्वतःच्या पायांनी माझ्या माहेरच्या दारात उभी राहिली पाहिजे. नाहीतर भंगारात."

भाऊ दुसऱ्याच दिवशी रशीदभाईंकडे गेले. वडिलांची गाडी भंगारात जाण्याच्या कल्पनेने त्या माणसाने रात्रीचं जेवणही धड घेतलं नव्हतं.

*

नंबर लागेपर्यंत उन्हाळा आला. रशीदभाईंनी सांगितलं, जुनं इंजिन दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीन जमान्याचं टाकू. भाऊ आयुष्यभर विमा ऑफिसात होते, त्यामुळे ते आधी घरी गेले आणि अटींची यादी करून आले. आम्हाला ती उभ्याने वाचून दाखवली.

"एक, वजन जुन्याइतकंच हवं. दोन, बॉनेट कापायचं नाही. तीन, गिअर स्टिअरिंगलाच राहिला पाहिजे. चार, आवाज हाच हवा. पाच, चावीसुद्धा हीच."

अशा एकूण अकरा अटी! रशीदभाई हात पुसत शांतपणे ऐकत होते. यादी संपल्यावर म्हणाले, "साहब, इतना सब चाहिए तो पुरानावालाही धो के वापस डाल देता हूँ।"

*

दामूदादा उत्तनच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. बहिणीच्या गाडीला इंजिन हवंय आणि आपल्याला कोणी विचारलं नाही, हे कळल्यावर ते पुढच्याच रविवारी टेम्पो घेऊन हजर! टेम्पोत बोटीचं डिझेल इंजिन, आणि त्याला मासळीचा असा वास, की गॅरेजमधली मांजर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा उठून उभी राहिली.

"जावईबापू, याच्यासारका इंजिन न्हाय," दामूदादा म्हणाले. "वादलात चालतंय. तुमचा चढ काय घेऊन बसलाव!"

त्यांनी ते जमिनीवर ठेवून सुरू केलं. इंजिन धडधडलं, थरथरलं आणि एकटंच चालत चालत गॅरेजच्या बाहेर रस्त्यावर गेलं. एक रिक्षावाला त्याला हॉर्न देत होता!

रशीदभाईंनी पळत जाऊन ते बंद केलं आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला, "दादा, इसको ठंडा कैसे करते हो?"

"समुद्राच्या पान्यानं."

"आणि गाडीत समुद्र कुठून आणायचा?" भाऊंनी विचारलं.

दामूदादांनी भाईंदरच्या त्या गल्लीवर एक नजर फिरवली. "पावसाल्यात तं हितं असतंयच की!"

भाऊ नाही म्हणाले. दामूदादांना ते लागलं. टेम्पोत बसताना म्हणाले, "घाला मंग काय घालायचा त्यो. पन चढ न्हाय चढनार. आमी दोरी घेऊन उभं ऱ्हातो."

*

मग आला इलेक्ट्रिकचा रविवार. भाऊंच्या ओळखीतला एक तरुण इंजिनीअर लॅपटॉप घेऊन आला. इंजिनच नको, मोटर बसवा, असं म्हणाला. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही. भाऊ जवळजवळ पाघळलेच. नेमक्या त्या दिवशी वहिनी बाजारातून येताना गॅरेजमध्ये डोकावल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बॅटरी कुठे बसणार?"

"डिकीत, काकी. पूर्ण डिकी लागेल."

"मग माहेरून येताना सुके बोंबील कुठे ठेवायचे?"

त्याने लॅपटॉपमध्ये बराच वेळ शोधलं. मग लॅपटॉप मिटला.

*

शेवटी एका छोट्या नव्या गाडीचं पेट्रोल इंजिन ठरलं. गाडी मागून ठोकली गेलेली, इंजिनाला ओरखडा नाही, कागदपत्रं चोख. पण ते बसेल का? भाऊंचा नुसत्या टेपवर विश्वास नव्हता. त्यांनी मापं घेतली आणि घरी फ्रिजच्या खोक्यातून पुठ्ठ्याचं अख्खं इंजिन बनवलं. वर स्केचपेनने 'पुढची बाजू' असं लिहिलं. ते मांडीवर घेऊन रिक्षातून गॅरेजला आले.

रिक्षावाल्याने विचारलं, "अंकल, केक है क्या?"

"इंजिन है," भाऊ म्हणाले. त्याने पुढे सबंध रस्ताभर आरशातून पुठ्ठ्यावर नजर ठेवली.

पुठ्ठ्याचं इंजिन इतकं सुंदर बसलं की आम्ही टाळ्या वाजवल्या! खरं इंजिन आलं, बसवलं, आणि बॉनेट चार बोटं वरच राहिलं. भाऊंनी इंजिन मोजलं होतं, पण त्याच्या डोक्यावरचा एअर फिल्टर मोजायचा विसरले होते. रशीदभाईंनी इंजिन ज्यांवर बसतं ते खालचे सगळे पाय कापून ते खाली उतरवलं. त्यात दोन आठवडे गेले. पुठ्ठ्याचं इंजिन अजून गॅरेजमध्येच आहे. मांजर त्यात झोपते.

*

अकरा अटींपैकी दोनच पाळता आल्या. बॉनेट कापलं नाही आणि चावी तीच राहिली.

सगळ्यात जड गेला तो गिअर. नव्या इंजिनाचा गिअर खाली, सीटच्या शेजारी. स्टिअरिंगवरचा दांडा गेला आणि त्याच्या जागी रशीदभाईंनी वायपरचं बटण असलेली काडी बसवली. पण भाऊंच्या हाताला चाळीस वर्षांची सवय! क्लच दाबला की हात आपोआप वर जायचा आणि कडकडीत उन्हात वायपर सुरू व्हायचे. गोल्डन नेस्टच्या सिग्नलपासून गॅरेजपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून आलो. वायपर अकरा वेळा सुरू झाले. शेजारच्या स्कूटरवाल्याने वर आभाळाकडे बघितलं!

रशीदभाई लांबूनच ओरडले, "देखो, साहब सेकंड गिअर में आ रहे हैं!"

*

बदललेल्या इंजिनाची नोंद करायला गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. तपासणारे साहेब म्हणाले, "सुरू करा."

भाऊंनी चावी फिरवली.

साहेबांनी घड्याळात बघितलं. "अहो, सुरू करा ना."

"सुरू आहे."

साहेबांनी कान बॉनेटला लावला. मग चष्मा काढून भाऊंकडे बघत म्हणाले, "माझ्या वडिलांकडे हीच होती हो. ती आली की अख्ख्या आळीला कळायचं." आणि शिक्का मारता मारता थोडे उदासच झाले.

घरी येताना भाऊंनीही काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला. मलाही वाईट वाटलं, खरं सांगतो.

*

आणि मग आली नारळी पौर्णिमा.

भाऊ ड्रायव्हिंगला, शेजारी पैठणीतल्या वहिनी, मांडीवर नारळ. मागे मी. साक्षीदार म्हणून! उत्तनचा नाका गेला. पुढे चढ दिसला तसे वहिनींनी डोळे मिटले. "थांबू नका हां. काही झालं तरी थांबू नका."

आमच्या पुढे सहलीची एक मोठी बस घरघरत चढत होती. भाऊंनी क्लच दाबला, वायपर सुरू केले, मग गिअर टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा चढावर बसला ओव्हरटेक केलं! गाडी अशी सुर्रकन वर गेली की मी सीटला चिकटलो. वळण कधी गेलं कळलंही नाही. दोन मिनिटांत आम्ही वहिनींच्या माहेरच्या दारात. स्वतःच्या पायांनी!

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा असते तर..." एवढंच म्हणाले.

वहिनी ऐटीत उतरल्या. दाराला कुलूप होतं.

हाका मारल्या. ओटीवर एक कोंबडी होती, ती बाजूला झाली. ना दामूदादा, ना भावजय, ना भाचे. वहिनी पैठणी सावरत पायरीवर बसल्या. नारळ शेजारी ठेवला. मग भावाला फोन लावला. दामूदादा इतक्या मोठ्याने बोलतात की मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, कुठे आहात सगळे?"

"आमी चढावर! सकालधरनं दोरी घेऊन उभं हाव. पोरांनी चाय पन न्हाय घेतली. ताट घेऊन तुजी भावजय उनात हाय. तुमी कुटं ऱ्हायलाव?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ते वळणावर डावीकडे उभे, आम्ही बसच्या पलीकडून गेलेलो, आणि नव्या इंजिनाला आवाज नाही. त्यांना पत्ताच लागला नव्हता!

भाऊ खुशीत फोनकडे हात करत म्हणाले, "सांग, सांग त्यांना! पोहोचलो म्हणावं!"

वहिनी बंद दाराकडे बघत राहिल्या. मग फोनमध्ये म्हणाल्या, "येतोय रे दादा. जरा वेळ लागेल. तुला माहीत आहे ना आमची गाडी."

आणि नारळ उचलून परत गाडीत बसल्या. "चला. बंदराकडच्या रस्त्याने वळसा घालून खाली घ्या."

"अगं, पण..."

"घ्या म्हटलं ना!"

भाऊंनी घेतली. वळसा घालून आम्ही पुन्हा चढाच्या पायथ्याशी आलो. वळणावर दामूदादा दिसले, हातात दोरी. पाठीमागे भाचे. भावजयीने ताटातला दिवा लावायला घेतला होता.

"आता बंद पाडा," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी एकदा वहिनींकडे बघितलं, एकदा बॉनेटकडे. तीन महिने! मग त्यांनी हळूच क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला आणि जुन्या सवयीने थांबावी तशी थांबली.

चढावर एकच जल्लोष झाला! भाचे धावत आले. दामूदादांनी बॉनेटवर थाप मारली. "बोल्लो व्हतो ना? न्हाय चढनार! बोटीचा इंजिन घाला बोल्लो व्हतो!"

"मी सांगून थकले रे दादा," वहिनी पदर सारखा करत म्हणाल्या. "हे ऐकतात कुठे!"

"जावईबापू, गिअर काढा!" मागून भाचे ओरडले.

भाऊंचा हात वर गेला. वायपर सुरू झाले.